यंत्राचे शून्य कुठे आहे?

घरातील रक्तदाबमापकाचा आकडा खरा मानण्यापूर्वी

वाचकहो, या लेखाची सुरुवात माझ्या हातून झालेल्या एका चुकीने करतो.

लालबागमधील एका जुन्या चाळीत राहणारे, गिरणीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ अनेक वर्षे माझ्याकडे उपचार घेत आहेत. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. वय सत्तरीच्या पुढे, तरुणपणी व्यायामशाळेत कमावलेले शरीर, स्वभाव शिस्तीचा. रक्तदाबासाठी एक गोळी चालू होती. मुलाने त्यांना रक्तदाब मोजण्याचे स्वयंचलित यंत्र आणून दिले, तेव्हापासून ते सकाळ-संध्याकाळ मोजमाप करून वहीत नोंद ठेवू लागले. तारीख, वेळ, वरचा आकडा, खालचा आकडा, नाडीचे ठोके अशी आखून घेतलेली ती वही पाहून कोणत्याही डॉक्टरला समाधान वाटावे.

वहीतील सरासरी मात्र चिंताजनक होती. घरी वरचा रक्तदाब १५० च्या आसपास आणि माझ्या दवाखान्यात जेमतेम १३०. सामान्यतः उलट घडते. डॉक्टरांसमोर बसल्यावर मनावर ताण येतो आणि आकडा थोडा चढतो. घरी जास्त व दवाखान्यात कमी असेल, तर ‘छुपा उच्च रक्तदाब’ असण्याची शंका येते आणि हा प्रकार दुर्लक्ष करण्याजोगा नसतो. महिनाभराच्या नोंदी होत्या, आकड्यांत सातत्य होते. मी वहीवर विश्वास ठेवला आणि दुसरी गोळी सुरू केली.

नवव्या दिवशी पहाटे, गॅलरीच्या टोकाला असलेल्या सामाईक शौचालयाकडे जाताना त्यांना चक्कर आली. ते पडले आणि उजव्या मनगटाचे हाड मोडले. डोक्याला मार लागला नाही, एवढेच त्यातल्या त्यात सुदैव. त्यांची सून दवाखान्यात आली आणि तिने सरळ प्रश्न विचारला, “डॉक्टर, बाबांचं प्रेशर वाढलंय म्हणून तुम्ही गोळी वाढवलीत ना? मग प्रेशर उतरून चक्कर कशी आली?”

त्या दिवशी मी त्यांचा रक्तदाब बसून मोजला आणि उभे राहिल्यावर पुन्हा मोजला. उभे राहताच तो १०० च्या जवळ उतरला. गोळी वाढवण्यापूर्वीच मी हे पाहायला हवे होते. दुसरी गोळी तत्काळ बंद केली. मग त्यांना म्हणालो, “काका, उद्या तुमचं मशीन घेऊन या. घरी जसं मोजता, अगदी तसंच माझ्यासमोर मोजून दाखवा.”

वीस अंकांचा हिशेब

दुसऱ्या दिवशी काका आले. घरच्या सवयीप्रमाणे ते बुटक्या स्टुलावर बसले, प्लास्टरमध्ये नसलेल्या डाव्या दंडाला पट्टा गुंडाळला, हात मांडीवर ठेवला आणि कळ दाबली. घरीही ते डाव्याच हाताने मोजत. आकडा आला १५०.

मी त्यांना पाठ टेकता येईल अशा खुर्चीवर बसवले. हात टेबलावर, खाली दोन जाड पुस्तके ठेवून, पट्टा हृदयाच्या पातळीत येईल असा टेकवला. पाच मिनिटे शांत बसवून पुन्हा मोजले. आकडा आला १४२. आठ अंक केवळ हाताच्या जागेचे होते.

त्यानंतर दंडाचा घेर मोजपट्टीने मोजला. तो ३६ सेंटिमीटर भरला. यंत्रासोबत आलेल्या पट्ट्यावर मात्र २२ ते ३२ सेंटिमीटर अशी मर्यादा छापलेली होती. लहान पट्टा जाड दंडावर बसवला, की दंडातील रोहिणी दाबण्यासाठी जास्त हवा भरावी लागते आणि रक्तदाब नसताना वाढलेला दिसतो. दवाखान्यात मी काकांसाठी मोठाच पट्टा वापरत होतो, पण घरच्या पट्ट्याची चौकशी मी कधी केली नव्हती. त्याच कंपनीचा मोठा पट्टा मागवून पुन्हा मोजले, तेव्हा आकडा १३५ वर आला. आणखी सात अंकांचा उलगडा झाला.

तरीही माझे यंत्र १३० दाखवत होते. उरलेले पाच अंक कुणाचे? मी माझ्या काटेवाल्या यंत्रातील सगळी हवा काढून तबकडीकडे नीट पाहिले. काटा शून्यावर नव्हता, त्याच्या थोडा खाली विसावलेला होता. ओळखीच्या रुग्णालयातील नुकत्याच तपासलेल्या प्रमाण यंत्राला ते जोडून पाहिले. तिथे ६० असताना माझे ५५ दाखवी, १२० असताना ११५, आणि १६० असताना १५५. प्रत्येक ठिकाणी बरोबर पाच कमी. किती काळ ते असे दाखवत होते, देव जाणे.

वीस अंकांचा हिशेब असा लागला: आठ हाताच्या उंचीचे, सात पट्ट्याच्या मापाचे आणि पाच माझ्या यंत्राचे. काकांच्या घरचे नवे यंत्र, ज्यावर प्रथम सर्वांचा संशय होता, ते निर्दोष निघाले. काकांची वही प्रामाणिक होती आणि माझी नोंदही प्रामाणिक होती, पण दोन्ही खऱ्या नव्हत्या.

दोन प्रकारच्या चुका

मोजमापात दोन प्रकारच्या चुका होतात आणि त्यांतील फरक प्रत्येक कुटुंबाने समजून घ्यावा असा आहे.

पहिली चूक विखुरलेली असते. एकदा आकडा चार वर, एकदा तीन खाली. रक्तदाब स्वतःही क्षणोक्षणी बदलत असतोच. अशी चूक दिसून येते, आणि अनेकदा मोजून सरासरी काढली की बरीचशी निघून जाते.

दुसरी चूक एकाच दिशेला सरकलेली असते. प्रत्येक वेळी तितकीच वर किंवा तितकीच खाली. हिला शून्यत्रुटी म्हणतात, कारण यंत्राचे शून्यच जागेवरून हललेले असते. ही चूक शंभर वेळा मोजूनही दिसत नाही आणि सरासरी काढूनही जात नाही. उलट, आकडे एकमेकांशी छान जुळतात आणि आपला विश्वास वाढतो. काकांच्या वहीतील ज्या सातत्यावर मी भाळलो, ते या चुकीचेच सातत्य होते.

लालबागच्या मिरची गल्लीत उन्हाळ्यात मसाल्याची खरेदी करणाऱ्या गृहिणीला हे वेगळे सांगावे लागत नाही. दुकानदार काट्यावर रिकामे भांडे ठेवतो आणि आकडा शून्यावर आणतो, तिकडे तिचे बारीक लक्ष असते. काटा रिकामा असतानाच ५० ग्रॅम दाखवत असेल, तर पाच किलो मिरचीत तो फरक जाणवणार नाही, पण १०० ग्रॅम वेलदोड्यात निम्मा माल गेला. शिवाय तोच माल त्याच काट्यावर दहा वेळा तोलला तरी चोरी उघडकीला येणार नाही. ती उघडकीला येते दुसऱ्या, खात्रीच्या काट्यावर. म्हणूनच व्यापाऱ्यांच्या वजनकाट्यांची वैध मापन विभागाकडून ठरावीक मुदतीने पडताळणी होते आणि त्यांवर शिक्का बसतो. आपल्या कपाटातील रक्तदाबमापकावर शिक्का मारायला कुणी घरी येत नाही. ते काम आपले आपणच करून घ्यायचे असते.

कुलाब्याचा धडा

यंत्र किंवा जागा बदलताना काय करावे, याचा उत्तम धडा आपल्याच मुंबईने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी घालून दिला आहे. कुलाब्याची वेधशाळा १८२६ साली स्थापन झाली आणि १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी घेतल्या जाऊ लागल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी शहरात विजेवर चालणाऱ्या ट्राम आणण्याचे ठरले. ट्रामच्या विजेमुळे नाजूक चुंबकीय यंत्रांचे आकडे बिघडणार, हे उघड होते. त्या वेळी वेधशाळेचे संचालक होते डॉ. नानाभॉय मूस. चुंबकीय नोंदींसाठी खाडीपलीकडे अलिबागला नवी वेधशाळा बांधण्यात आली. तिच्या बांधकामात लोखंड कटाक्षाने टाळण्यात आले.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. अलिबाग सुरू झाले म्हणून कुलाबा लगेच बंद केले नाही. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. दोन्हींतील फरक किती आहे हे नक्की ठरले, तेव्हाच कुलाब्याच्या चुंबकीय नोंदी थांबवल्या. मुंबईत विजेची ट्राम १९०७ साली धावू लागली, तोपर्यंत हे काम उरकलेले होते. त्यामुळेच कुलाबा आणि अलिबाग मिळून एक अखंड मालिका तयार झाली आणि ती आजही शास्त्रज्ञांच्या उपयोगी पडते.

घरात नवे यंत्र आले की आपण जुने लगेच कुणाला तरी देऊन टाकतो. दुसऱ्या दिवसापासून आकडा दहाने बदलला, तर बदल शरीरात झाला की यंत्रात, हे सांगायला कुणी साक्षीदार उरत नाही. म्हणून निदान एक आठवडा दोन्ही यंत्रांनी मोजा, आणि कोणत्या तारखेपासून कोणते यंत्र वापरले हे वहीत लिहा.

यंत्राच्या आत काय घडते?

जुन्या पद्धतीत डॉक्टर कानाला स्टेथोस्कोप लावून रोहिणीतील आवाज ऐकतात. आवाज सुरू होतो तो वरचा आकडा आणि थांबतो तो खालचा. घरातील बहुतेक स्वयंचलित यंत्रे हा आवाज ऐकत नाहीत. पट्ट्यातील हवा कमी होत असताना रोहिणीच्या प्रत्येक ठोक्यागणिक हवेत बारीक कंप उठतात. दाब जाणणारी छोटी चकती ते कंप टिपते, त्यांचे विजेच्या संकेतात आणि संकेतांचे आकड्यांत रूपांतर होते. कंप सर्वांत मोठे असतात तेथील दाब यंत्र थेट ओळखते. वरचा व खालचा आकडा ते कंपांच्या चढउतारावरून आपल्या गणिताने काढते आणि हे गणित प्रत्येक कंपनीचे वेगळे असते.

यावरून तीन व्यवहारी गोष्टी निघतात. पहिली, कळ दाबताच यंत्र आधी स्वतःचे शून्य ठरवते. त्या क्षणी पट्ट्यात जुनी हवा उरलेली असेल किंवा नळी कुठे दुमडलेली असेल, तर शून्य ठरवतानाच गफलत होऊ शकते. म्हणून दोन मोजमापांमध्ये पट्टा पूर्ण रिकामा होऊ द्या. दुसरी, हात हलला, आपण बोललो किंवा हसलो, तर यंत्र त्या हालचालीलाही ठोका समजू शकते. तिसरी, ज्यांच्या नाडीचे ठोके कायम अनियमित असतात, त्यांच्या बाबतीत हे गणित कमी भरवशाचे ठरते. अशांनी डॉक्टरांकडून कानाने ऐकून मोजून घेणे श्रेयस्कर.

शोध घरापासून सुरू करा

आकडा विचित्र वाटला की यंत्राला दोष देण्याचा मोह होतो. माझा अनुभव असा, की आधी माणसाचे बसणे तपासावे, मग हात, मग पट्टा, मग नळी व बॅटरी, आणि सर्वांत शेवटी यंत्र. याच क्रमाने पुढील गोष्टी पाहा.

बसणे: मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, धूम्रपान आणि व्यायाम टाळा. चार जिने चढून आल्या आल्या मोजू नका. लघवी तुंबलेली असेल तर आधी जाऊन या, त्यानेही आकडा चढतो. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटे शांत बसा. पायावर पाय नको. मोजताना बोलणे नको, फोन नको, दूरदर्शनवरील मालिकाही नको.

हात: पट्टा हृदयाच्या पातळीत, म्हणजे साधारण छातीच्या मध्याशी हवा. हात टेबलावर टेकलेला आणि सैल असावा. पारा रक्तापेक्षा सुमारे तेरा पट जड असल्यामुळे हात दहा सेंटिमीटर खाली गेला, की आकडा जवळजवळ आठ मिलिमीटर पाऱ्याने वाढतो, आणि तितकाच वर गेला की तितकाच कमी होतो. काकांच्या मांडीवरील हाताचे गणित हेच होते. चटईवर मांडी घालून बसण्याची सवय असेल, तर निदान मोजण्यापुरती खुर्ची घ्या. मनगटावर बांधायच्या यंत्रांत ही चूक फार सहज होते, म्हणून दंडाचे यंत्रच पसंत करावे.

पट्टा: शिवणकामाच्या मोजपट्टीने खांदा आणि कोपर यांच्या मध्यावर दंडाचा घेर मोजा आणि पट्ट्यावर छापलेल्या मर्यादेशी ताडून पाहा. घेर मर्यादेबाहेर असेल, तर योग्य मापाचा पट्टा मागवा. सडपातळ वृद्ध स्त्रियांच्या बाबतीत नेमके उलट घडते. पट्टा फार मोठा असेल तर आकडा कमी दिसतो आणि खरा रक्तदाब झाकला जातो. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या दोन बोटे वर बांधा. बाही वर सारून तिचा आवळ पट्ट्यावर पडू देऊ नका.

नळी व बॅटरी: नळीला चीर आहे का, जोड घट्ट आहे का, पट्ट्याची चिकटपट्टी सैल झाली आहे का, हे पाहा. बॅटरी जुनी झाली असेल तर बदला. सेलची गळती झाली असेल तर यंत्र दुरुस्तीला द्या.

दोन्ही हात: पहिल्या वेळी दोन्ही दंडांवर मोजा. दोहोंत दहाहून अधिक अंकांचा फरक वारंवार येत असेल, तर पुढे नेहमी जास्त आकडा येणाऱ्या हातावर मोजा आणि हा फरक डॉक्टरांच्या कानावर घाला. तो यंत्राचा दोष नसून रोहिणीतील अडथळ्याची खूण असू शकतो.

एवढे झाल्यावर सात दिवस सकाळी आणि संध्याकाळी, एका मिनिटाच्या अंतराने दोन-दोन वेळा मोजा. सकाळचे मोजमाप गोळी घेण्यापूर्वी आणि न्याहारीपूर्वी असावे. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या आणि उरलेल्यांची सरासरी काढा. घरच्या मोजमापासाठी १३५/८५ ही उच्च रक्तदाबाची सीमा मानली जाते. दवाखान्यात ती १४०/९० आहे. दोन्ही सीमा वेगळ्या आहेत हे लक्षात असू द्या, नाहीतर योग्य यंत्रावरही विनाकारण संशय येतो.

दवाखान्यात पडताळणी

घरातील चौकशी संपली की यंत्राची पाळी. नवे यंत्र घेतल्यावर लगेच, आणि नंतर वर्षातून एकदा, ते पट्ट्यासह आपल्या डॉक्टरांकडे न्या. वेळ आधी मागून घ्या. ऐन गर्दीत हे काम नीट होत नाही.

पाच मिनिटे शांत बसल्यावर त्याच हातावर आधी आपल्या यंत्राने, मग डॉक्टरांच्या यंत्राने, पुन्हा आपल्या, पुन्हा डॉक्टरांच्या, अशा आलटून पालटून नोंदी घ्याव्यात. प्रत्येक वेळी मध्ये एक मिनिट थांबावे. एकाच मोजमापावरून निर्णय देऊ नये, कारण मधल्या मिनिटात रक्तदाबही हललेला असतो. दोन्ही सरासरींतील फरक पाच अंकांच्या आत असेल तर यंत्र निर्धास्त वापरा. पाच ते दहा असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तुलना करा. दहाहून अधिक फरक कायम राहत असेल, तर त्या यंत्राच्या आकड्यांवर औषध ठरवू नये. ते कंपनीच्या सेवाकेंद्रात कॅलिब्रेशनसाठी द्यावे किंवा बदलावे.

आणि डॉक्टरांना नम्रपणे एक प्रश्न अवश्य विचारा, “डॉक्टर, तुमचं मशीन शेवटचं कधी तपासलं होतं?” यात अपमान काहीच नाही. पाऱ्याचे विष पर्यावरणात जाऊ नये म्हणून पाऱ्याची यंत्रे जगभर मागे पडत आहेत. त्यांच्या जागी आलेल्या काटेवाल्या यंत्रात स्प्रिंग आणि दंतचक्रे असतात. ती पडली, आपटली की काटा सरकतो, आणि कुणाच्या लक्षात येत नाही. अशी यंत्रे दर सहा महिन्यांनी प्रमाण यंत्राशी ताडून पाहावीत. पट्ट्यातील हवा पूर्ण काढल्यावर काटा शून्यावर येतो का, हे तर रोज सकाळी पाहता येते आणि त्याला एक पैसाही लागत नाही. काटा शून्यावर आला म्हणजे यंत्र निर्दोष असे सिद्ध होत नाही, पण नाही आला तर ते सदोष आहे हे नक्की समजावे.

नवे यंत्र घेताना ते आंतरराष्ट्रीय निकषांनुसार तपासलेले आहे का, हे विचारा. अशा तपासणीत यंत्राचा सरासरी फरक पाच मिलिमीटर पाऱ्याहून अधिक चालत नाही. ‘स्ट्राइड बीपी’ या संस्थेने प्रमाणित यंत्रांची यादी सर्वांसाठी खुली ठेवली आहे. डबा आकर्षक आहे किंवा सवलत मोठी आहे, हे अचूकतेचे लक्षण नव्हे.

मनातल्या मनात वजाबाकी नको

“आमचं मशीन दहा जास्त दाखवतं, आम्ही दहा वजा करतो,” असे सांगणारी कुटुंबे मला नेहमी भेटतात. ही वजाबाकी धोक्याची आहे. शून्य सरकले असेल, तर फरक सगळीकडे सारखा असतो. पण यंत्राचे मापच ताणले गेले असेल, तर १०० ला पाच आणि १८० ला नऊ असा फरक आकड्यासोबत वाढत जातो. पट्ट्यामुळे होणारी चूक माणसागणिक बदलते, त्यामुळे आजोबांसाठी ठरवलेली वजाबाकी आजीला लागू पडत नाही. शिवाय आज दहा असलेला फरक सहा महिन्यांनी तेवढाच राहील, याची खात्री कुणी दिली? वहीत यंत्राने दाखवलेला आकडाच लिहा. यंत्रातील फरक समासात वेगळा नोंदवा. निर्णय डॉक्टरांवर सोपवा, आणि आकडा पाहून गोळी स्वतः वाढवू अथवा बंद करू नका.

मात्र एक मर्यादा पाळा. छातीत दुखणे, धाप लागणे, तोंड वाकडे होणे, हातापायातील शक्ती जाणे, बोलणे अडखळणे, अचानक तीव्र डोकेदुखी किंवा अंधारी येणे, यांपैकी काही होत असेल तर यंत्राच्या पडताळणीत एक मिनिटही घालवू नका. रुग्णाला तडक रुग्णालयात न्या. त्रास काहीच नाही, पण आकडा १८०/११० च्या पुढे गेला, तर पाच मिनिटे शांत बसून पुन्हा मोजा, आणि तसाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. उलट, आकडा छान आहे पण उठताना अंधारी येते, असे असेल तर शरीराचे ऐका. यंत्र आणि माणूस यांच्या साक्षी जुळत नसतील, तेव्हा आधी माणसाची साक्ष ग्राह्य धरावी.

हाच नियम इतर उपकरणांना

रक्तशर्करामापक: प्रयोगशाळेत उपाशीपोटी रक्त देता त्याच वेळी आपल्या यंत्रावरही बोटाच्या रक्ताने मोजा. जेवणानंतर ही तुलना करू नये, कारण तेव्हा बोटातील रक्तात साखर शिरेतील रक्तापेक्षा मुळातच जास्त असते. १०० किंवा त्याहून अधिक शर्करेला १५ टक्क्यांपर्यंतचा फरक निकषात बसतो. मोजण्यापूर्वी हात साबणाने धुऊन कोरडे करा. आंबा चिरलेल्या बोटाने मोजले, तर आंब्याचीच साखर मोजली जाते. मुंबईच्या पावसाळी दमट हवेत पट्ट्यांची डबी उघडी राहिली, तर पट्ट्या खराब होतात. मुदत उलटलेल्या पट्ट्या वापरू नका.

वजनकाटा: तो चटईवर किंवा गादीवर ठेवू नका, कठीण सपाट फरशी हवी. रिकामा असताना शून्य दाखवतो का ते पाहा. नंतर दहा किलोची सीलबंद तांदळाची पिशवी हातात धरून आणि न धरता उभे राहा. फरक साधारण दहा किलो आला, तर माप ताणलेले नाही. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांना दोन-तीन दिवसांत वाढलेले दोन किलो फार काही सांगतात, म्हणून त्यांच्या घरात हे पाहणे विशेष गरजेचे.

ऑक्सिजनमापक: नखाला रंग किंवा बोटाला मेंदी असेल, बोट थंड असेल, तर आकडा फसवा येऊ शकतो. बोट चोळून गरम करा आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. सावळ्या त्वचेवर ही यंत्रे काही वेळा ऑक्सिजन प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवतात, हे करोनाकाळातील संशोधनात ठळकपणे पुढे आले. श्वास लागत असेल, तर ९५ आकड्याच्या भरवशावर घरी थांबू नका.

काकांची नवी वही

काकांचे मनगट सहा आठवड्यांत जुळले. त्यांची एकच जुनी गोळी चालू आहे, मोठा पट्टा आहे, आणि स्टुलाऐवजी खुर्ची आली आहे. सरासरी १३५ च्या आतबाहेर असते. मिठाचे प्रमाण आणि सकाळचे चालणे यांवर आम्ही दोघे लक्ष ठेवून आहोत. मी माझे काटेवाले यंत्र दुरुस्त करून घेतले, त्यावर तपासणीची तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवली आणि पुढची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवली. ज्यांची औषधे त्या यंत्राच्या भरवशावर मी ठरवली होती, त्या रुग्णांना एकेक करून बोलावून पुन्हा मोजले. काहींची मात्रा बदलावी लागली.

मागच्या भेटीत काकांनी नव्या वहीचे पहिले पान दाखवले. वर यंत्राचे नाव, पट्ट्याचे माप, दंडाचा घेर आणि पडताळणीची तारीख. त्याखाली एक ओळ रिकामी होती. मी विचारले, तेव्हा म्हणाले, “डॉक्टर, ती तुमच्या मशीनच्या तारखेसाठी ठेवलीय. सांगा, लिहून घेतो.”

मी चिठ्ठीवरची तारीख वाचून दाखवली. वाचकहो, तुमच्या वहीतही अशी एक ओळ ठेवा.